कोयत्याचे दोन वार आणि त्याआधीचे सहा महिने: एक प्रकरण अभ्यास

मुलगा १७ वर्षे ३ महिन्यांचा. गाव बीड जिल्ह्यातलं, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं. घर ऊसतोडीचं. आई-बाप एक कोयता म्हणून, म्हणजे नवरा-बायकोची जोडी म्हणून, दसरा झाला की कारखान्याला जातात आणि पाडव्याच्या मागेपुढे परततात. मागे आजी, हा आणि बारा वर्षांची बहीण. पोळ्यानंतरच्या आठवड्यात, संध्याकाळी साडेसातच्या सुमारास, गावातल्या चहाच्या हॉटेलासमोर त्याने ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या १९ वर्षांच्या पुतण्यावर कोयत्याने दोन वार केले. पहिला हाताच्या नळीवर बसला आणि हाड मोडलं. दुसरा वार अडवायला पुतण्याने तळहात पुढे केला, त्यात दोन बोटांच्या शिरा तुटल्या.

हे कुणा एका मुलाचं चरित्र समजू नये. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार विधिसंघर्षग्रस्त बालकाची, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठराच्या आतल्या मुलाची, ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही. त्यामुळे या पट्ट्यात वारंवार दिसणारे तपशील एकत्र करून प्रकरण बांधलं आहे. कायदा, मोजमापं आणि औषधं मात्र आहेत तशीच दिली आहेत.

कागदावर काय आलं

मुलाविषयीच्या पहिल्या अहवालाचा सारांश तीन वाक्यांत मावत होता: पालक ऊसतोडीला, संगत वाईट, स्वभाव रागीट. पोलिसांच्या टिपणात आणखी एक ओळ होती, ‘घरून हत्यार घेऊन आला’. या चार गोष्टींवरून जो मुलगा डोळ्यांसमोर येतो त्याच्यासाठी कुणी नैराश्याची चाचणी घेत नाही. त्याला समज दिली जाते, फार तर ‘समुपदेशन करावे’ असा शेरा मारला जातो.

कलमांचाही घोळ होता. भारतीय न्याय संहितेचं ११८(२), म्हणजे घातक हत्याराने गंभीर दुखापत, हे लागणारच होतं. सोबत १०९, म्हणजे खुनाचा प्रयत्न, लावलं गेलं आणि गावात बातमी पसरली की पोराला आता मोठ्यांच्या कोर्टात उभं करणार. तसं होत नाही. बाल न्याय कायद्यात ‘निर्घृण’ गुन्हा म्हणजे किमान शिक्षाच सात वर्षे किंवा त्याहून जास्त असलेला गुन्हा. १०९ ची शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते, पण त्याला सात वर्षांची किमान मर्यादा नाही. ११८(२) ला किमान एक वर्ष आहे. असे गुन्हे ‘गंभीर’ गटात जातात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आणि २०२१ च्या दुरुस्तीने कायद्यातच आलं. म्हणून कलम १५ चं प्राथमिक मूल्यांकन, म्हणजे मुलावर प्रौढासारखा खटला चालवायचा का हे ठरवण्याची तपासणी, इथे लागूच नव्हतं. इतकंच कशाला, २०१६ च्या आदर्श नियमांतल्या नियम ८ प्रमाणे, सोबत कुणी प्रौढ आरोपी नसेल आणि गुन्हा निर्घृण नसेल, तर एफआयआर नोंदवायचाच नसतो. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद घ्यायची आणि नमुना १ मध्ये सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल जोडायचा. हा नियम बऱ्याच ठाण्यांत कुणी उघडून पाहिलेला नसतो.

वयाचा प्रश्न लवकर सुटला. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून. मराठवाड्यात निम्मा वर्ग एक जूनलाच जन्मलेला असतो, कारण गुरुजींनी पहिलीत नाव घालताना तीच लिहिलेली असते. वैद्यकीय तपासणीतून वय काढा, असा आग्रह फिर्यादीच्या बाजूने झाला. पण कलम ९४ मध्ये शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र पहिलं येतं. ते नसेल तर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी.

बाल न्याय मंडळाने, म्हणजे अशा मुलांची प्रकरणं चालतात त्या मंडळाने, पहिल्या दिवशी जामीन दिला नाही. कलम १२ मध्ये जामीन हाच नियम आहे आणि नाकारायचा तर कारण लिहावं लागतं. इथे दोन कारणं लिहिली गेली: जखमीच्या नातेवाइकांकडून मारहाणीची भीती, आणि मुलाच्या शर्टाच्या खिशात सापडलेली गोळ्यांची अर्धी पट्टी. दुसरं कारण किती महत्त्वाचं आहे हे तेव्हा फारसं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

पाच गुण, मग सोळा

निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी चालू असताना अशा मुलांना ठेवतात तिथे, आल्या दिवशीच किशोरांसाठीची नऊ प्रश्नांची नैराश्य प्रश्नावली भरून घेतली गेली. एकूण गुण २७ पैकी ५. ‘विशेष काही नाही’ असा शेरा पडला. ती भरली तेव्हा खोलीत आणणारा शिपाई बसलेला होता, प्रश्न छापील मराठीत भराभर वाचले गेले आणि मुलाने जवळपास प्रत्येकाला ‘नाही’ म्हटलं.

तिसऱ्या दिवशी हीच प्रश्नावली पुन्हा घेतली. दार उघडं ठेवलं, पण ऐकू येईल इतक्या अंतरात कुणी नव्हतं. ‘उदास वाटतं का’ या प्रश्नाने सुरुवात केली तर या वयाचा मुलगा मान हलवून मोकळा होतो, म्हणून करण्या-न करण्याच्या गोष्टींपासून सुरुवात केली. कबड्डी शेवटची कधी खेळलास? रात्री किती वाजता जाग येते? भाकरी किती खातोस? पट्टा कितव्या भोकावर लावतोस? पट्टा त्याने दाखवला. त्याला खिळ्याने पाडलेली दोन नवी भोकं होती. गुण आले १६. दहाच्या पुढे नैराश्य मध्यम समजतात, पंधराच्या पुढे बऱ्यापैकी तीव्र. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. त्याला त्याने ‘काही दिवस’ असं उत्तर दिलं. मग एका दमात बोलला, “करमतच नाही. डोकं गरम राहतं सारखं. झोप येईना म्हणून गोळ्या घेतो, दुसरं काय.”

त्याच्या तक्रारीत दुःखाचा उल्लेख नाही, रागाचा आहे. निदानाच्या निकषांत याला जागा ठेवलेली आहे. प्रौढांमध्ये ‘खिन्न मनःस्थिती’ लागते, मुलांत आणि किशोरांत तिच्या जागी ‘चिडचिडी मनःस्थिती’ चालते. बाकीची लक्षणं म्हणजे झोप, भूक, रस जाणं, थकवा, लक्ष न लागणं, अपराधीपणा, मरणाचे विचार. ती किमान दोन आठवडे टिकलेली आणि एकूण पाच किंवा अधिक असावी लागतात. मुलांच्या बाबतीत चिडचिड तेवढी लोकांना दिसते, कारण तिचा त्रास दुसऱ्यांना होतो. पहाटे तीनला उठून ओट्यावर बसणाऱ्या पोराचा कुणाला त्रास होत नाही.

महिन्यांचा तक्ता

निर्णायक ठरला तो एका कागदावरचा तक्ता. आडवे महिने, उभे पाच रकाने: मन, झोप-भूक, शाळा-खेळ, नशा, भांडणं. प्रत्येक नोंदीपुढे माहिती कुणाकडून मिळाली ते लिहायचं आणि मुलाच्या सांगण्यावर एकही रकाना पूर्ण भरायचा नाही. शाळेचा हजेरीपट, आजी, कबड्डीचे सर, किराणा दुकानाची उधारीची वही, बहीण. परिविक्षा अधिकाऱ्याला मुलाच्या घरादाराची माहिती देणाऱ्या सामाजिक अन्वेषण अहवालासाठी पंधरा दिवस असतात. गावात दोन फेऱ्या केल्या तर हा तक्ता तेवढ्यात भरतो. एकाच फेरीत सरपंचाच्या ओट्यावर बसून माहिती घेतली तर ‘स्वभाव रागीट’च मिळतं.

तक्त्यात हे आलं. दहावीपर्यंत शाळेत भांडणाची एकही नोंद नाही, तालुक्याच्या कबड्डी संघात निवड. अकरावीला तालुक्याच्या कॉलेजात सायन्स. त्याच दिवाळीत आईची कंबर धरली, अर्धा कोयता कमी पडू लागला, आणि आईच्या जागी हा गेला. पाच महिने पहाटे तीनला उठून तोड, संध्याकाळी गाडी भरणं. मार्चमध्ये परतला तेव्हा सोबतची पोरं अकरावीची परीक्षा देत होती. मार्च-एप्रिल: खेळ बंद, जेवण अर्ध्यावर, मित्रांना टाळणं, पहाटे तीनला जाग. थळात, म्हणजे ऊसतोडीच्या जागी, उठायची सवय असेल असं आजीला वाटलं. पण सवय असती तर उठून कामाला लागला असता. मे: पहिल्यांदा मोबाइल आपटून फोडला, बहिणीला चापट मारली आणि रात्रभर रडला. हे बहिणीने सांगितलं, त्याने नाही. जून: झोपेसाठी पहिली ‘बटन’ गोळी, म्हणजे अल्प्राझोलाम. जुलै: दोनदा विहिरीच्या काठावर बसलेला आजीने पाहिला. ऑगस्टपर्यंत रोज तीन-चार गोळ्या. सप्टेंबर: वार.

क्रम असा: आधी मन, मग चिडचिड, मग गोळ्या, शेवटी हिंसा. हाच क्रम उलटा असता, म्हणजे आठव्या-नवव्या वर्षापासून मारामाऱ्या, चोऱ्या, जनावरांना त्रास देणं आणि नंतर पकडला गेल्यावर उतरलेलं तोंड, तर वर्तन-विकाराचा विचार पुढे आला असता आणि नैराश्यावरच्या गोळीने फारसं साधलं नसतं. आणखी चार गोष्टी तपासून बाजूला ठेवल्या. बारा वर्षांच्या आधीपासूनची अतिचंचलता नव्हती. कमी झोपेतही उत्साह आणि मोठमोठे बेत असा काळ आला नव्हता, म्हणजे द्विध्रुवी आजार दिसत नव्हता. कानात आवाज, पाठलागाचा संशय नव्हता. ट्रॅक्टरवरून पडून शुद्ध हरपल्याची घटना नव्हती. शेवटचा प्रश्न या भागात विचारायलाच हवा, कारण ऊसतोडीच्या टोळीतली पोरं उसाच्या भरलेल्या गाडीवर बसूनच प्रवास करतात.

त्या दिवसाचे बारा तास

हल्ल्याचा दिवस शेवटाकडून सुरुवातीकडे, तास तास करत लिहून काढला. वार, त्याआधीचा शब्द, त्याआधीची जागा, त्याआधी पोटात काय होतं, त्याआधीची झोप.

आदल्या दोन रात्री मिळून साधारण पाच तास झोप. सकाळपासून चहा आणि तंबाखूचा मावा. साडेदहाला बापाने सांगितलं की या वर्षी त्याच्याही नावावर मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, घेतली आहे, कारण गेल्या हंगामाचे ४२,००० रुपये अंगावर राहिले आहेत. त्याला विचारलं गेलं नव्हतं. दुपारी तीन गोळ्या. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी माणूस सुस्त होतो हे खरं, पण काहींच्या बाबतीत त्या आतला लगाम सैल करतात, आणि वर दारू पडली तर जास्तच. संध्याकाळी त्याने देशीही घेतली होती. साडेसातला हॉटेलासमोर सहा-सात जणांच्या देखत पुतण्या म्हणाला, शिकून काय दिवे लावले, शेवटी कोयताच ना.

कोयता हातात का होता? दसऱ्याच्या आधी गावात कोयत्यांना धार लावायला गर्दी असते. लोहाराने सांगितलं, सकाळी बापाने दोन कोयते टाकले, पोराने सव्वासहाला नेले. घरी जाण्याच्या वाटेवरच हॉटेल. ‘घरून हत्यार घेऊन आला’ ही ओळ इथे पडली. लोहाराकडे कुणी गेलंच नसतं तर ती शेवटपर्यंत कागदावर राहिली असती आणि पूर्वनियोजनाचा शिक्का बसला असता.

साक्षीदारांच्या जबाबात आणखी एक वाक्य होतं, ते कुणीच वापरलं नव्हतं. दुसऱ्या वारानंतर मुलाने कोयता टाकला, स्वतःच्या गळ्यातला गमछा काढून पुतण्याच्या हाताला आवळून बांधला आणि जीप येईपर्यंत तिथेच बसून राहिला. याने गुन्हा पुसला जात नाही. पुढचा धोका जोखताना मात्र याला वजन असतं. किशोरांच्या हिंसेचा धोका तपासायची २४ जोखीम-घटक आणि ६ संरक्षक घटकांची एक सूची वापरात आहे. तिच्यात पश्चात्ताप आणि सहानुभूती, राग आवरण्याची क्षमता, नशा, सोबती, घरातला आधार हे सगळं वेगवेगळं पाहिलं जातं. इथला निष्कर्ष होता ‘मध्यम, परिस्थितीशी बांधलेला’. ती परिस्थितीही नेमकी लिहिली: झोप नाही, गोळ्या आहेत, चारचौघांत अपमान, हाताशी धार.

नैराश्य आणि हिंसा यांचं नातं किती

२०१५ मध्ये स्वीडनमधल्या लोकसंख्या नोंदींवरून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. नैराश्याचं निदान झालेल्या ४७,१५८ जणांत निदानानंतर ३.७ टक्के पुरुषांकडून हिंसक गुन्हा घडला होता, सर्वसाधारण लोकांतल्या पुरुषांत हे प्रमाण १.२ टक्के होतं. बाकी घटक जुळवल्यावरही शक्यता सुमारे तिप्पट. हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचावा लागतो. धोका वाढतो हे खरं, आणि नैराश्य असलेल्या शंभर पुरुषांपैकी शहाण्णवांकडून असं काही घडलं नाही हेही खरं. दुसरीकडे, जगभरच्या कोठडीतल्या किशोर मुलांत साधारण दहांत एकाला तीव्र नैराश्य सापडतं. म्हणजे निरीक्षणगृहातल्या प्रत्येक मुलाला नैराश्य आहे असं धरून चालणं चूक, आणि कुणालाच नसेल असं धरणं त्याहून मोठी चूक.

म्हणून अहवालात ‘नैराश्यामुळे हल्ला केला’ असं लिहू नये. ते सिद्ध करता येत नाही, फिर्यादीचा वकील पहिल्या प्रश्नातच ते उडवतो, आणि गावात प्रत्येक आजारी पोराकडे लोक संशयाने बघू लागतात. न्याय संहितेच्या कलम २२ मधला मनोविकलतेचा बचाव इथे लागू नाही. आपण काय करतोय हे त्याला कळत होतं. अहवालात असं लिहिलं गेलं: ‘मार्चपासून उपचाराविना असलेलं मध्यम ते तीव्र नैराश्य, त्यातून झोपेचा अभाव आणि चिडचिड, त्यावर गोळ्यांचं व्यसन. घटनेच्या दिवशी हे तिन्ही हजर होते. उपचार आणि देखरेख राहिल्यास धोका कमी होण्याजोगा.’

उपचार, आणि पहिले सात दिवस

नैराश्याच्या आधी गोळ्या हाताळाव्या लागतात. तीन महिने अल्प्राझोलाम घेत रोज तीन-चारवर पोचलेल्याच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर पहिल्याच आठवड्यात झटके येऊ शकतात. निरीक्षणगृहात ‘इथे नशा चालणार नाही’ म्हणून पट्टी काढून घेतली जाते आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री पोरगं थरथरतं, घामाघूम होतं, भिंतीवर डोकं आपटतं. त्याची नोंद ‘बेशिस्त’ म्हणून होते. अशा मुलाला डॉक्टरांना दाखवून लांब टिकणाऱ्या औषधावर नेतात आणि काही आठवड्यांत पायरी-पायरीने उतरवतात. गोळी कर्मचाऱ्याच्या समोर गिळायची, साठवायची नाही. या काळात गमछा, नाडी, चादरीचा काठ यांवर नजर, आणि रात्री एकटं झोपवायचं नाही.

गोळ्या उतरवताना झोप आणि मन दोन्ही बिघडतात, त्यामुळे सतराव्या दिवशी प्रश्नावली पुन्हा घेतली. गुण १४. तक्त्यातला मार्च आणि हा आकडा धरून मनोविकारतज्ज्ञांनी नैराश्यावरचं फ्लुओक्सेटिन सुरू केलं, सकाळी १० मिलिग्रॅम, पुढे २०. किशोरांत हेच सहसा पहिलं औषध. अठराच्या आतल्यांना पहिल्या काही आठवड्यांत मरणाचे विचार वाढू शकतात, म्हणून दर आठवड्याला समोर बसवून थेट विचारायचं. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवायची असते. औषधासोबत बोलण्याचे उपचार दिले तर किशोरांत नुसत्या औषधापेक्षा जास्त फायदा होतो, असं काही अभ्यासांत दिसलं आहे, सगळ्यांत नाही.

बोलण्याच्या सत्रांत ‘राग आवर’ हे वाक्य एकदाही वापरलं नाही. शरीराची खूण पकडायची: त्याची कानशिलं तापायची आणि जबडा आवळला जायचा. तिथून निघून जायला शिकवायचं. पण चारचौघांतून गप निघून जाणं म्हणजे हार, त्यामुळे ते या पोरांकडून होत नाही. म्हणून निघायचं एक तयार वाक्य दिलं, “आज्जीचं औषध आणायचंय, येतो.” ते भूमिका करून दहा-बारा वेळा घोटून घेतलं, कारण एकदा सांगितलेलं ऐन वेळी तोंडात येत नाही. दुसरी बाजू दिवस भरण्याची. सकाळी धावणं, आठवड्यातून तीनदा कबड्डी, आणि बारावीसाठी बाहेरून बसायला १७ नंबरचा फॉर्म. मन लागायला लागलं की करीन, असं तो म्हणायचा. उलट आधी करायचं आणि मन मागून येतं, हे त्याला पटायला तीन आठवडे गेले.

मामाचं घर, पाचवा आठवडा

तिसऱ्या आठवड्यानंतर जामीन झाला. बंधपत्र मामाने दिलं. गावात ठेवणं दोन कारणांनी धोक्याचं होतं: पुतण्याचं घर चार घरांवर, आणि दसऱ्यानंतर आई-बाप निघून जाणार. मामाचं घर अंबाजोगाईपासून जवळ, तिथल्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तपासणीला जाणं सोपं. मुलगा तिथे जाण्याआधी फवारणीचं औषध आणि कोयते, दोन्ही घरातून हलवायला सांगितलं. कोयत्याचं मामाला लगेच पटलं. फवारणीच्या औषधाचं पटवायला वेळ लागला, कारण पोरगा दुसऱ्याला मारणारा म्हणून त्यांच्याकडे आला होता, स्वतःला मारणारा म्हणून नाही.

डोस २० वर गेल्यावर पाचव्या आठवड्यात बिघडलं. पाय स्थिर राहीनात, रात्रभर येरझाऱ्या, मामीशी दोनदा जोराचं भांडण. मामाचा फोन आला, राग परत आलाय, घेऊन जा. नीट विचारल्यावर कळलं की डोक्यात राग नव्हता, अंगात अस्वस्थता होती, बसवतच नव्हतं. ही औषधाचीच ओळखीची अडचण. डॉक्टरांनी एक आठवडा १० वर आणून मग हळू वाढवलं. मामाने हे न सांगता गोळ्या बंद केल्या असत्या तर नैराश्यही उलटलं असतं आणि ‘औषधाने डोकं फिरतं’ ही समजूतही पक्की झाली असती. बाराव्या आठवड्यात गुण ६.

इकडे गावात ‘मिटवून घ्या’ सुरू झालं होतं. ११८(२) गावात बसून मिटत नाही, पण दवाखान्याचा खर्च मागितला गेला आणि बापाने तो देण्यासाठी पुन्हा त्याच मुकादमाकडून पैसे उचलले. अंगावरची बाकी लाखाजवळ गेली. जखमीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईचा अर्ज करता येतो, हे कुणी वेळेत सांगितलं असतं तर यातलं काही टळलं असतं. पुतण्याच्या दोन बोटांची पकड पूर्ण परतलेली नाही आणि त्याचा भरतीचा सराव सुटला आहे, ही बाजूही मंडळापुढच्या कागदात तपशीलवार आहे.

चौकशी चार महिन्यांच्या मुदतीत संपली. मंडळाने कलम १८ खाली मामाच्या देखरेखीत दोन वर्षांची चांगल्या वर्तणुकीची परिविक्षा दिली, म्हणजे डांबून न ठेवता अटींवर घरी ठेवलं. सोबतच्या अटी: औषधोपचार आणि समुपदेशन चालू ठेवणं, व्यसनमुक्ती, परीक्षेला बसणं, मुकादमाच्या वस्तीत न जाणं. मध्येच मन बिघडलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मामाच्या आणि बहिणीच्या, दोघांच्याही फोनमध्ये घालून दिला.

परिविक्षेच्या भेटी महिन्याला एक ठरल्या, पण सारख्या अंतराने ठेवलेल्या नाहीत. औषध कमी करण्याचा विचार पाडव्याला आई-बाप परतल्यानंतर, तोही बरं वाटल्यापासून सहा महिने भरल्यावरच. बारावीचा निकाल लागेल त्या आठवड्यात एक जादा भेट. आणि बापाला सोबत बसवून घ्यायची भेट पोळ्याच्या आधी, म्हणजे पुढच्या हंगामाची उचल ठरायच्या आत. तोवर मुलगा अठरा पूर्ण करून बसलेला असेल आणि कुणाच्या नावावर किती घ्यायचे, हा प्रश्न घरात पुन्हा निघेल.